मागचं इंजिन

हे घडलं २०२३ साली, अमेरिकेत, प्लेनोत. त्या वर्षी सॉफ्टवेअरवाल्यांच्या नोकऱ्या धडाधड जात होत्या आणि जो तो आपली शाबूत आहे असं दाखवत हसतमुख हिंडत होता.

रत्नाबाई मुलाच्या, धम्मदीपच्या घरी इगतपुरीहून आल्या होत्या. नात प्रीता शाळेतून आली की शेजारचा ईशानही तिच्यामागून यायचा. संध्याकाळी त्याचा बाप मोरेश्वर ऑफिसातून परतताना मोटारीनं न्यायला यायचा. ईशान खाऊचा डबा आणि पाण्याची बाटली घरूनच आणायचा. "त्याला बाहेरचं सोसत नाही हो मावशी," त्याची आई आसावरी म्हणाली होती. रत्नाबाईंनी नुसती मान हलवली. हे न सोसणं त्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

मुलांना रोज आगगाडीची गोष्ट लागायची. रत्नाबाईंचा नवरा लहू कसारा घाटात गाड्यांना मागून रेटा देणाऱ्या इंजिनावर होता, म्हणून गोष्टीतही तेच इंजिन. ऐटबाज मोठी गाडी चढावर अडायची, शिटी मारायची. मागचं इंजिन धावत यायचं, तिला वर पोचवायचं आणि गुपचूप खाली परतायचं.

एक दिवस ईशान म्हणाला, "आजी, ट्रेनने शिटी दिलीच नाही तर?"

"का नाही देणार?"

"शरम वाटते म्हणून. ती सांगते, ऑफिसला जाते. पण लायब्ररीच्या पार्किंगमध्ये बसून राहते. लॅपटॉप बॅग घेऊन."

"ट्रेन्स डोन्ट हॅव लॅपटॉप्स, सिली!" प्रीता खिदळली. ईशान हसला नाही.

धम्मदीप घरी आल्यावर रत्नाबाईंनी मोरेश्वरच्या नोकरीचा विषय काढला. तो चहाचा कप ठेवून म्हणाला, "आई, माझ्या प्रमोशनच्या पार्टीत सगळ्यांसमोर यानंच विचारलं होतं, काय यार, इथेही कोटा सुरू झाला का?"

"ऐकलं होतं मी. तुझ्या टीममध्ये जागा आहे ना?"

"आहे."

"मग? अडलेल्या गाडीत कोण बसलंय ते तुझा बाप विचारत नव्हता."

धम्मदीपनं निवलेला चहा एका घोटात संपवला. "बरं, रेफर करतो. पण विचार तूच. मी विचारलं तर तो ऐकूनसुद्धा घेणार नाही."

दुसऱ्या दिवशी मोरेश्वर आला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग. मुलांना आतल्या खोलीत पाठवून रत्नाबाईंनी हलक्या आवाजात धम्मदीपच्या टीममधल्या जागेचं सांगितलं.

मोरेश्वरचा चेहरा उतरला. "माझी नोकरी गेली, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

रत्नाबाईंची नजर नकळत आतल्या दाराकडे गेली, आणि ती मोरेश्वरनं पाहिली.

"तुमच्या मुलाच्या उपकारावर जगायची वेळ नाही आली अजून, मावशी."

"उपकार कसला बाबा, नुसता रेटा. चढ संपला की सुटलं."

"ईशान! चल!"

ईशान डबा घेऊन आला. बापानं त्याचं मनगट धरलं तसा तो रडत ओरडला, "आजी, मी सांगितलं नव्हतं ना! आय ओन्ली टोल्ड अ स्टोरी!"

बाहेर मोटारीचं दार आपटलं. मग आतून पोराचं किंचाळणं ऐकू आलं. रत्नाबाई उंबऱ्याशी उभ्याच राहिल्या.

ईशान पुन्हा आला नाही. प्रीता काही दिवस कुंपणापाशी जाऊन हाका मारायची. पलीकडचे पडदे ओढलेले असत.

व्हिसाच्या मुदतीत मोरेश्वरला दुसरी नोकरी मिळाली नाही. घर पडत्या भावात विकून ती मंडळी नागपूरला परतली. पुढच्याच उन्हाळ्यात मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. आसावरी शिकवण्या घेते. धम्मदीप प्लेनोतच आहे. त्याच्या टीममधली ती जागा दोन महिने रिकामी राहिली, मग दुसऱ्या कुणाला मिळाली. प्रीताला आता आगगाडीच्या गोष्टी लहान मुलांच्या वाटतात. ईशान शाळेत हुशार आहे म्हणे, पण घरचं काही विचारलं की मान खाली घालतो, एक अक्षर बोलत नाही.

रत्नाबाई इगतपुरीला परतल्या. शेजारची पोरं गोष्टीसाठी येतात. त्या कोल्ह्याची सांगतात, माकडाची सांगतात. घाटातून शिटी ऐकू आली की मात्र मध्येच थांबतात, आणि ती विरेपर्यंत पोरांना वाट पाहावी लागते.