कोर्टात पखवाज

पखवाजावर 'धा' एका हातानं निघत नाही. उजवा हात शाईवर पडतो, त्याच क्षणी डावा कणिक लावलेल्या बाजूवर पडून लगेच उठतो, तेव्हा कुठं 'धा' होतो. वीस वर्षं मी कीर्तनात पखवाजी रामलिंगच्या शेजारी टाळ घेऊन उभा राहिलो, रोज तो 'धा' कानावर घेतला, पण त्यात काय काय असतं हे मला नांदेडच्या कोर्टात कळलं. देव कुठं बसवून शिकवील, सांगता येत नाही.

त्याच्या दोन वर्षं आधी देवणीकडच्या एका सप्ताहाला आम्ही दोघं माझ्या मोटारसायकलवर निघालो होतो. उदगीरच्या अलीकडं मागून एका पिकअपनं उडवलं. मला खरचटलं. रामलिंगच्या डाव्या मनगटावर मोटारसायकल पडली. हाड जुळलं, पण मनगट लाकडासारखं राहिलं. चूक पिकअपवाल्याची, हे पंचनाम्यातच आलं होतं आणि विमा कंपनी त्यावर भांडत नव्हती. भांडण होतं ते हाताचं. डॉक्टरांच्या दाखल्यात बावीस टक्के अपंगत्व लिहिलेलं. कंपनी म्हणे, बावीस टक्के गेलं तर भरपाईही तेवढ्याचीच.

रामलिंगचं घर मात्र सगळंच्या सगळं त्या हातावर होतं. शेत नाही, दुसरी कला नाही. भोकरजवळ आमचं गाव. तिथून तो गावोगावच्या सप्ताहांना साथीला जायचा. पोरगी सृष्टी नर्सिंगला शिकत होती, तीही त्याच कमाईवर. बावीस टक्क्यांत तिचं शेवटचं वर्ष बसत नव्हतं.

आमचे वकील आनंदराज, तरुण माणूस. त्यांचे वडील लिंबाजी भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे, त्यामुळं हात जाणं म्हणजे काय हे या वकिलाला समजावून सांगावं लागलं नाही. साक्षीच्या दिवशी त्यांनी बजावलं, "काका, वाजवून काय मिळायचं ते शपथपत्रात लिहिलंय. तेवढंच सांगायचं."

"हाव," रामलिंग म्हणाला.

पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा कंपनीच्या वकीलबाईंनी फार मायेनं विचारलं, "बुवा, कीर्तनात साथ करायचे किती पैसे मागता तुम्ही?"

रामलिंगनं कानाला हात लावले. म्हणजे उजवा लावला, डाव्याचं मनगट वळेना. "मागत न्हाई, बाई. सेवा हाय ती. देवाच्या दारात भाव करायचा नसतो."

"म्हणजे पैशासाठी वाजवत नाही?"

"न्हाई."

"आणखी प्रश्न नाहीत," असं म्हणून बाई खाली बसल्या. टंकलेखकानं ते उतरवून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात आनंदराज कपाळ धरून बसले. "काका, दोन वर्षं मी कागद जमा करून राहिलो आणि तुम्ही एका वाक्यात सगळं कंपनीला दान केलंत."

"खोटं कसं बोलू? शपथ घेतली होती."

रामलिंगची बायको केवळावहिनी खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "खोटं बोला म्हणतंय कोण? पण अर्धंच खरं बोलून आलात, त्याचं काय?"

आनंदराजांनी मान वर केली. "काकू, हे तुम्ही आत सांगाल?"

"विचारलं तर सांगीन की."

त्याच दिवशी त्यांनी अर्ज दिला. केवळाबाईंची साक्ष घ्यावी, आणि अर्जदाराला वाद्य आणून हात दाखवू द्यावा. न्यायाधीशसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला, कंपनीच्या बाईंचं म्हणणं ऐकलं आणि पुढची तारीख दिली.

त्या तारखेला पखवाज मांडीवर घेऊन मी एसटीनं आलो. व्हरांड्यात वहिनींनी डब्यातलं पीठ काढलं, बाटलीतलं पाणी घातलं आणि मळायला बसल्या. दारावरचा शिपाई आला.

"ओ मावशी, कोर्टात पोळ्या लाटता का?"

"पोळ्या कामून लाटू? याच्या डाव्या तोंडाला कणिक लागती. तिच्याबिगर बोलत न्हाई."

शिपायानं रामलिंगकडं बघितलं. वहिनींनी हनुवटीनं पखवाज दाखवला. "यांच्या न्हाई रे बाबा, त्याच्या. यांना तर बोलू नका म्हणलं तरी बोलतात."

रामलिंग हसला. अपघातानंतर तो असा हसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

पुकारा झाला. साहेब म्हणाले, "खाली बसून वाजवा, अवघडू नका." रामलिंगनं चपला काढल्या, वाद्याला नमस्कार केला, मग साहेबांना. उजवा हात पडला. स्वच्छ, काचेसारखा. डावा पडला तो पडूनच राहिला. उठला नाही, म्हणून आवाज घुमला नाही. भिजलेलं पोतं जमिनीवर टाकावं तसा 'थप' झाला. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा थप.

वकीलबाई उठल्या. "साहेब, अर्जदार मुद्दाम हात जड टाकत नाही कशावरून?"

रामलिंगचा चेहरा उतरला. साहेबांनी त्यालाच विचारलं, "पूर्वी हा बोल कसा निघायचा? सांगता येईल?"

"सांगायचा नसतो, साहेब. ऐकायचा असतो. आता कुठून ऐकवू?"

तेवढ्यात वहिनी मागच्या बाकावरून उठल्या. पदर खोचला. "साहेब, डावा हात मी टाकू का?"

आनंदराजांनाही हे ठाऊक नव्हतं. मला तर नव्हतंच. साहेबांनी मानेनंच हो म्हटलं. वहिनी नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसल्या, कणिक बोटानं नीट केली आणि त्याच्याकडं बघितलं. त्यानं डोळे मिटले. त्याचा उजवा पडला, तिचा डावा पडून उठला, आणि त्या बंद खोलीत 'धा' झाला.

मी काय सांगू? तो आवाज जमिनीतून आला. माझ्या छातीत आला. टंकलेखकाचे हात थांबले. दारातला शिपाई दारातच राहिला. दोघांनी चार आवर्तनं ठेका धरला. तिचं कुठं चुकत होतं, तो तिच्यासाठी थांबत होता, आणि ती पुन्हा समेवर येत होती. रंगलेल्या कीर्तनात एक वेळ अशी येते की हजार माणसं बसलेली असतात आणि कुणीच बसलेलं नसतं. तशी वेळ त्या कोर्टात, पंख्याखाली, फायलींच्या ढिगात आली. माझे हात आपोआप जोडले गेले, कुणाला ते कळलं नाही.

"हे कधी शिकलात?" साहेबांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली. घरात पखवाज गप्प बसला की यांना घास जाईना. म्हणून बसत गेले. पण हे घरातलं, साहेब. कीर्तनात गळ्यात घालून उभं राहावं लागतं, तिथं दोन माणसं एका पट्ट्यात मावत न्हाईत."

मग वहिनी पिंजऱ्यात गेल्या. वकीलबाईंनी विचारलं, "तुमचे पती पैशासाठी वाजवत नव्हते, हे त्यांनीच शपथेवर सांगितलंय."

"खरं हाय. ते मागत नव्हते. गाव देत होतं."

"म्हणजे कमाई नव्हती."

"मॅडम, न मागता आलेली भाकर पोटात जात न्हाई का? पंचवीस वर्षं त्याच भाकरीवर घर चाललं. पोरीची फी त्याच्यातच भरली. मागायची लाज त्यांना. खायची तर आम्हाला सगळ्यांनाच गरज होती की."

बाईंनी हातातली फाईल मिटली. मग हळूच म्हणाल्या, "प्रश्न नाहीत."

निकाल तीन महिन्यांनी आला. आनंदराजांनी व्हरांड्यातच कागद उघडला. दाखला बावीस टक्क्यांचा असला तरी अर्जदाराचं काम पूर्ण गेलं असं धरून भरपाई दिली होती. सृष्टीचं शेवटचं वर्ष निघेल, वर घराला आधार राहील एवढी. आनंदराज रक्कम सांगत होते, पण रामलिंगनं त्यांना थांबवलं.

"कामून दिली, ते लिहिलंय का?"

आनंदराजांनी पान उलटलं आणि वाचलं, "अर्जदाराचे वादन न्यायाधिकरणाने प्रत्यक्ष ऐकले. एका हाताने हे वाद्य अर्धे वाजत नाही. ते वाजतच नाही."

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. रामलिंग डोळे मिटून ऐकत होता, मोठ्या कीर्तनकारापुढं बसतो तसा. मग म्हणाला, "साहेबांना वाजवता येत असंल का हो?"

"नाही वाटत, काका."

"मग एवढं कसं कळलं?"

आनंदराज पुन्हा कागदात बघू लागले. वहिनींनी कागद त्यांच्या हातातून घेतला, नीट घडी करून पिशवीत ठेवला.

"ऐकत होते ते," त्या म्हणाल्या. "चला, सृष्टीला फोन लावा आधी. सकाळपासून वाट बघून राहिली ती."