शेवाळातला कारकून

प्रयोगशाळेत सगळे जिला ताई म्हणत, तिनं आयुष्यात एकच काटकसर केली आणि तीच अंगाशी आली. हिरव्या शेवाळाच्या पेशीत हरितलवक असतं. ऊन खाणारा कारखानाच तो. तिथली प्रथिनं आरएनएच्या संदेशावरून बनतात. एका संदेशाच्या सुरुवातीची शंभरेक अक्षरं प्रथिनाबद्दल चकार शब्द काढत नव्हती. नुसती प्रस्तावना! ताईनं ती छाटून टाकली. झालं, चंबूतलं शेवाळ पिवळं पडलं.

"चार वाजेपर्यंत हिरवं दिसलं नाही, तर चंबू बेसिनमध्ये ओतणार," विभागप्रमुख सरांनी बजावलं. त्या चंबूत ताईची सहा वर्षं होती.

तीन वाजता चंबूतून बोटभर उंचीचा एक कारकून बाहेर आला. कोट ओला, चेहरा पिवळट.

"बाई, काय थट्टा मांडलीय?" तो कडाडला. "संदेश आला की मी त्याचं डोकं घट्ट धरतो, म्हणून पेशीतली संदेश कुरतडणारी विकरं त्याला खात नाहीत. तुम्ही डोकंच उडवलंत. आता धरू काय, माझं कपाळ?"

"अहो, पण त्यात मजकूर नव्हता काही!"

"मजकूर वाचतो कोण? डोकं ओळखीचं दिसलं की प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राकडं ढकलायचं. उभी हयात त्यात गेली माझी."

ताईनं संदेशाला त्याचं डोकं परत जोडलं. पण हिरवं व्हायला तीन दिवस लागणार होते, आणि सर मुदत देणाऱ्यांतले नव्हेत.

"तुमचे सर कुठलं डोकं ओळखतात?" कारकुनानं विचारलं.

ताईची ट्यूब पेटली. तिनं अर्ज लिहिला. वर 'आदरणीय महोदय, आपल्या कुशल मार्गदर्शनाखाली' अशा दहा ओळी ओतल्या. खाली तीन दिवसांची मुदत मागितली आणि सहा वर्षांचं काम जीव तोडून दोन पानांत मांडलं.

सरांनी कागद वरच्या बाजूनं धरला आणि फर्रकन सही ठोकली. चंबू वाचला! ताईला आनंदानं नाचावंसं वाटलं. मग न वाचलेल्या त्या दोन पानांकडं तिचं लक्ष गेलं.

"सर, खालचंही वाचा ना. एकदाच."

सर दचकले. त्यांनी दहाव्या ओळीवर बोट ठेवलं, अकरावीकडं सरकवून पाहिलं. बोट पुढं जाईना.

"पुढचं वाचता येत नाही गं," ते हळूच म्हणाले. "कुणी कधी वाचायला सांगितलंच नाही."

ताईनं खुर्ची ओढली आणि ती त्यांच्या शेजारी बसली.