खोटी शाबासकी

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. टीव्हीवर गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात ना, तो. माझ्या डाव्या जॉयस्टिकचं रबर सोललं गेलंय, पाठीला चिकटपट्टी आहे आणि उजवी मूठ घामानं गुळगुळीत झाली आहे. जुन्या वस्तूंना आपले पराक्रम सांगायची भारी हौस असते. माझं तसं नाही. माझी गोष्ट सांगताना मला लाज वाटते. तरी सांगतो, कारण न सांगता बसलं की ती लाज आणखी टोचते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पट्ट्यावरून सरकत असतानाच माझ्या पोटात दोन छोट्या मोटारी बसवल्या गेल्या. मोटारीच्या दांड्यावर एका बाजूला जड असा धातूचा तुकडा असतो. मोटार फिरली की तो हेलपाटतो आणि मी थरथरतो. मला तोंड नाही. ही थरथर म्हणजेच माझी वाचा. चेंडू लागला, की धरणाऱ्याच्या तळहाताला तसं कळवायचं, एवढंच माझं बोलणं. त्या बोलण्यानंच पुढे मला मान खाली घालायला लावली.

मी कामाला लागलो तो एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. तीन टेबलं, एक जुनाट सोफा, मध्ये काचेचं बुटकं टेबल आणि समोर मोठा टीव्ही. खालून दात कोरायच्या यंत्राचा आवाज यायचा आणि वर आमची मंडळी टेनिसचा गेम बनवायची. मंडळी म्हणजे फार कोणी नाही. एक प्रोग्रामर होता, जो बोलण्यापेक्षा जांभयाच जास्त द्यायचा. चित्रं काढणारी एक मुलगी होती. अधूनमधून मालक डोकावायचे. आणि गेम कसा खेळायचा हे ठरवणारा एक डिझायनर. त्याला सगळे सर म्हणायचे. त्याचं घरचं नाव ढब्बू आहे, हे पुढे कळलं. मी मनातल्या मनात तेव्हापासून त्याला ढब्बूच म्हणतो.

ढब्बूनं पहिल्यांदा माझ्या प्रत्येक बटणाला एकेक फटका वाटून दिला. हे दाबलं की जोरदार, ते दाबलं की उंच, तिसरं दाबलं की नेटजवळ हळूच टाकलेला. खांद्यावरची बटणंसुद्धा सोडली नाहीत. त्याला आणि प्रोग्रामरला सगळं तोंडपाठ. दोघं खेळायला बसले की पाहत राहावं. पण चित्रं काढणाऱ्या मुलीच्या हातात मला दिलं, तर बिचारी एकदा टीव्हीकडे बघायची, एकदा माझ्याकडे. तोवर चेंडू पाठीमागे गेलेला. दवाखान्यात पेशंटना नंबर देणाऱ्या बाई एकदा हौसेनं वर आल्या आणि दोन मिनिटांत मला सोफ्यावर टाकून म्हणाल्या, यापेक्षा दात काढलेला बरा.

मालकांनी तेव्हा फर्मान काढलं. रस्त्यावरचा कोणीही आला तरी पहिल्याच डावात जिंकला पाहिजे. ढब्बूला ते काही पटलं नव्हतं. त्याला वाटायचं, एका बटणात सगळं टेनिस मावलं पाहिजे. नवख्याला लगेच खेळता यावं आणि मुरलेल्यालाही कधी कंटाळा येऊ नये. पण हे जमवायचं कसं, ते त्याला सापडत नव्हतं. दिवसभर मला हातात घेऊन तो खोलीत येरझारा घालायचा. माझी वायर लोकांच्या पायात यायची आणि लोक शिव्या घालायचे मला.

हा सगळा खटाटोप तो कोणासाठी करत होता, हे त्यानं मालकांना कधी सांगितलं नाही. प्रोग्रामरला मात्र सांगितलं होतं. त्याची थोरली बहीण नावाजलेली टेनिसपटू होती आणि पुढे मुलांना शिकवायची. ढब्बूला लहानपणी तिनंच घरामागच्या भिंतीवर चेंडू मारायला शिकवलं होतं. मग संधिवातानं तिच्या दोन्ही हातांची बोटं आखडली. रॅकेट राहू दे, तिला बरणीचं झाकण उघडता येईना. तिनं रॅकेटी शेजाऱ्यांच्या मुलांना देऊन टाकल्या. टीव्हीवर सामना लागला तर ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. ढब्बूला तिला परत कोर्टावर आणायचं होतं, मग ते कोर्ट काचेमागचं का असेना.

मोठ्या मिनतवाऱ्या करून त्यानं तिला यायला तयार केलं. आणि ती येणार म्हटल्यावर त्याचाच धीर सुटला. ताई इथे येऊन हरली तर? आदल्या दिवशी दुपारी त्यानं प्रोग्रामरला सांगितलं, की मदतीची सगळी सोय पूर्ण वर चढव. धावणं आपोआप, फटका आपोआप, चेंडू रेषेच्या आतच पडणार. बटण चुकलं तरी चेंडू परत गेला पाहिजे.

"मग बटण कशाला ठेवायचं?" प्रोग्रामरनं जांभई देत विचारलं.

ढब्बू म्हणाला, तिला आपण मारतोय असं वाटलं पाहिजे. म्हणून प्रत्येक फटक्याला कंट्रोलर जोरात थरथरू दे.

आता कळलं ना, माझ्यावर कोणतं काम आलं ते?

ताई आली. पांढरे होऊ लागलेले आखूड केस, ताठ चाल, पर्स कोपरात अडकवलेली. दारातच ती म्हणाली, "ढब्बू, जिना केवढा रे हा," आणि प्रोग्रामरची जांभई अर्ध्यावर थांबली. सगळे हसले. ढब्बूचे कान लाल झाले. तिनं मला मांडीवर घेतलं. तिची बोटं माझ्या मुठींना वेढत नव्हती, नुसती टेकली होती. उजवा अंगठा तेवढा तिचं ऐकत होता, तो तिनं बटणावर ठेवला.

खेळ सुरू झाला. टीव्हीवरची मुलगी धावली, चेंडू मारला, मी थरथरलो. शाब्बास! पुन्हा मारला, पुन्हा थरथरलो. शाब्बास! ताईच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं असावं, कारण चित्रं काढणारी मुलगी कुजबुजली, बघा तरी त्यांच्याकडे. ताईनं पहिला डाव जिंकला. टाळ्या झाल्या. ढब्बू तर नाचायचाच बाकी होता. आज कंट्रोलर फार छान चालतोय, असं म्हणून त्यानं माझ्या पाठीवर थापही मारली.

मित्रांनो, मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती, जी त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हती. ताई बटण कसंही दाबत नव्हती. कधी ती चेंडू पुढे असतानाच दाबायची, कधी तो अंगाजवळ येईपर्यंत थांबायची. त्या दाबण्यात अर्थ होता. मी तो तसाच वायरीतून पाठवत होतो आणि पलीकडे कोणी वाचतच नव्हतं. गेम आपल्या मनानं चेंडू मारायचा आणि वर मला सांगायचा, हिला शाबासकी दे. मी देत होतो.

ताई म्हणाली, आणखी एक डाव. दुसऱ्या डावात मध्येच तिच्या बोटांत कळ आली. तिनं मला समोरच्या काचेच्या टेबलावर ठेवलं आणि ती हात चोळू लागली. गेम थांबवायचं तिच्या लक्षात आलं नाही. आमच्यापैकीही कोणाच्या आलं नाही.

आणि मी थरथरलो.

रिकाम्या काचेवर. कोणाचा हात नाही, अंगठा नाही, आणि मी खडखड खडखड वाजत टेबलावरून सरकतोय. टीव्हीवरची मुलगी धावत होती, मारत होती, एकामागून एक गुण घेत होती. प्रत्येक गुणाला मी त्या काचेला शाब्बास म्हणत होतो. प्रोग्रामर मला थांबवायला धावला, तोवर ताईनं दुसरा डावही जिंकला होता.

खाली दात कोरायचं यंत्र चालू होतं.

"मग मघापासून मी काय करत होते?" ताईनं विचारलं.

ती पुढे बोलली, आणि तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी लवकर दाबत होते तेव्हा मला आडवा मारायचा होता. थांबून दाबलं तेव्हा सरळ, रेषेलगत. भिंतीवर तुला हेच शिकवलं होतं ना मी? वाटलं, तेवढं तरी तू ठेवलं असशील."

तिनं पर्स कोपरात अडकवली. चित्रं काढणाऱ्या मुलीनं दार उघडून धरलं, कारण दाराची मूठ ताईला फिरवता आली नसती. मघाशी टाळ्या वाजवणारे हात कुठे लपवावेत, हे कोणाला कळेना. मला तर वाटलं, ही काच दुभंगावी आणि मी खाली दवाखान्यातल्या कचऱ्याच्या डब्यात पडावं.

त्यानंतर मी खणात पडून राहिलो. माझ्यावर मोडक्या हेडफोनचं ओझं होतं, अंगावर बिस्किटाचा चुरा सांडला होता. ढब्बू खण उघडायचा, मला बघायचा आणि पुन्हा लावायचा. तो फोनवर ताईशी बोलायचा तेव्हा ती औषधाचं बोलायची, हवेचं बोलायची. गेमचं नाव नाही. इकडे मालक जाम खूश होते. त्यांना ती सोय फार आवडली होती. हाच गेम बाजारात जाऊ दे म्हणत होते. आणि तो तसाच गेला असता, तर ताईसारखे किती जण घरोघरी बसून माझ्या भावंडांकडून खोटी शाबासकी घेत राहिले असते, या विचारानं मला खणातल्या खणात कापरं भरायचं.

एके सकाळी ढब्बूनं मला बाहेर काढलं. चुरा झटकला, जॉयस्टिकच्या खाचेतली घाण टाचणीनं काढली. मग प्रोग्रामरच्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, सगळी मदत काढून टाक. धावणं तेवढं आपोआप राहू दे, कारण ते बोटांना झेपणार नाही. फटका ज्याचा त्यानं मारायचा.

मग त्या दोघांनी ताईचा धडा माझ्या एका बटणात भरला. लवकर दाबलं तर चेंडू आडवा, उशिरा दाबलं तर सरळ. दाबून धरलं तर जोर, टिचकी मारली तर अलगद. फारच उशीर केला तर नेटमध्ये, घाई केली तर बाहेर. आणि माझी थरथर बदलली. चेंडू रॅकेटच्या मधोमध लागला तरच मी भरघोस थरथरणार. काठाला लागला तर किरकिरणार. लागलाच नाही, तर गप्प.

नंबर देणाऱ्या बाई पुन्हा वर आल्या. पहिल्याच मिनिटात त्यांनी चेंडू परत पाठवला, मग हरल्या, आणि खाली पेशंट खोळंबले तरी उठेनात. प्रोग्रामर दोन्ही जॉयस्टिक सोडून एका अंगठ्यानं खेळू लागला आणि रोज काहीतरी नवं सापडल्याचं सांगू लागला. आताशा त्याला जांभया येत नव्हत्या. मालकांनी मात्र कपाळावर हात मारला. लोक हरतील, म्हणाले.

"हरू देत," ढब्बू म्हणाला. "पण हरतील ते स्वतः."

मालक बरेच दिवस धुसफुसले. पण बाई रोज दुपारी जिना चढून येतायत हे पाहिल्यावर त्यांनी नाद सोडला.

मग ढब्बू मला पिशवीत घालून ताईच्या घरी गेला. ताईनं त्याला पाणी दिलं, खुशाली विचारली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. त्यानंही आग्रह केला नाही. टीव्हीला जोडून तो एकटाच खेळू लागला. त्याचे हात इतके घामेजले होते, की त्याला धड खेळताच येईना. एक चेंडू नेटमध्ये, दुसरा नेटमध्ये. मी गप्प. तिसराही नेटमध्ये. ताई पाठमोरी होती, पण चेंडूचा आवाज तिला ऐकू येतच होता.

"उशीर करतोयस," ती न वळता म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली. मग तिला राहवेना. वळली आणि म्हणाली, "आण इकडे."

तो ओळखीचा अंगठा पुन्हा माझ्यावर आला. इतकी धास्ती मला कारखान्यातल्या तपासणीतही वाटली नव्हती. पहिला चेंडू तिनं चुकवला. मी गप्प राहिलो. दुसरा काठाला लागला, मी किरकिरलो. ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि बटणावरून अंगठा काढून मला टेबलावर ठेवलं. टीव्हीवर चेंडू आला, मुलगी आपोआप त्याच्यापाशी धावली, पण तो तिच्याजवळून निघून गेला. तिनं रॅकेट फिरवलीच नाही. मीही निपचित पडून होतो.

ताईनं मला परत उचललं.

पुढच्या चेंडूला ती थांबली. थांबली, आणखी जरा थांबली आणि मग दाबलं. मधोमध! मी पोटातून थरथरलो. चेंडू सरळ रेषेलगत गेला आणि वीतभर बाहेर पडला.

ढब्बूचा चेहरा पडला. ताई मात्र हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "बाहेर गेला," ती म्हणाली. "पण तो माझा होता रे ढब्बू. माझा."

ती तो सामना सपशेल हरली. निघताना ढब्बू मला पिशवीत घालायला लागला, तर तिनं त्याचा हात बाजूला केला. तेव्हापासून मी इथेच आहे, तिच्या खिडकीजवळच्या खुर्चीवर. ती अजून बऱ्याचदा हरते. हरली की मला दम देते, आणि बोटांची कळ थांबली की पुन्हा उचलते.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, चुरा झटका, वायर ओढू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. तुमच्याजवळ कोणी हळू असेल, अडखळत असेल, तर त्याचं ओझं जरूर हलकं करा, पण त्याचा फटका त्यालाच मारू द्या. मी एकदा रिकाम्या काचेला शाब्बास म्हटलं आहे. ती खडखड मी अजून विसरलेलो नाही. ताईचा चेंडू मधोमध लागतो आणि मी थरथरतो, तेव्हाही आधी क्षणभर मला तिचा अंगठा चाचपून बघावासा वाटतो. तो असतो.