संदर्भ क्रमांक नऊ

विभागात त्याला सगळे दशांशराव म्हणत, कारण दशांशचिन्हापुढचे आकडे तो कुणाला गाळू देत नसे. झुलत्या पादचारी पुलांचं गणित हा त्याचा विषय. तेवीस वर्षांत बावीस पेपर, आणि त्यांचा संदर्भ इतरांनी किती वेळा घेतला म्हणाल, तर एकसष्ट. त्यातले चौदा त्याचे त्यानेच घेतलेले, पण ते सोडा. प्राध्यापकपदासाठी तीनशे हवे होते आणि ही शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी वय आडवं येणार होतं.

अर्ज भरायला म्हणून सोमवारी सकाळी त्याने आपला आकडा पाहिला, तर चारशे बारा. त्यातले तीनशे एक्कावन्न एकाच पेपरचे. आणि तो पेपर त्याने लिहिलेलाच नव्हता.

त्याचं असं झालं होतं. अकरा वर्षांपूर्वी एका पेपरात त्याचं घोडं एका विधानापाशी अडलं होतं: पुलावर ठरावीक संख्येपेक्षा कमी माणसं असली, तर ती कशीही चालोत, पूल हेलकावणार नाही. सिद्धता सापडत नव्हती आणि संपादक पाठीस लागला होता. तेव्हा याने खुशाल लिहून टाकलं, 'सिद्धतेसाठी पाहा संदर्भ ९', आणि यादीत नवव्या जागी स्वतःच्याच नावाचा एक पेपर ठेवून दिला. पुढे कंसात, 'प्रकाशनाच्या वाटेवर'. गणितवाल्यांच्यात हे पाप घरोघरी असतं. पुढच्या महिन्यात लिहू म्हणतात आणि तो महिना काही उजाडत नाही.

आता या धंद्यात संदर्भांची यादी वाचून कोण करतो? एकाची दुसरा उतरवतो. कुणी 'वाटेवर' खोडून साल घातलं, कुणी नियतकालिकाचं नाव नि खंड घातला, कुणी पानांचे आकडे. मेंढरामागे मेंढरू.

इथवर हसण्यासारखं होतं, आणि तो हसलाही. मग त्याने संदर्भ घेणारे ते पेपर उघडून वाचले. 'कलम चारमधली सिद्धता लख्ख आहे,' असं एकाने लिहिलं होतं. दुसऱ्याने त्यातली तीन वाक्यं जशीच्या तशी दिली होती. तिन्हींची सुरुवात 'आता हे उघडच आहे की' अशी. ही याचीच खोड. बायको त्यावरून त्याला चिडवायची. वाक्यं त्याची होती आणि त्याने ती लिहिली नव्हती. भर दिवसा त्याच्या अंगावर काटा आला.

बायको नदीपलीकडच्या शाळेत शिक्षिका. तिला त्याने सगळं सांगितलं.

"अहो, मग गप्प बसा ना," ती म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाचं काय बिघडलंय?"

त्याने अर्जात चारशे बारा लिहिले.

बुधवारी पुलांचा इंजिनीयर हात जोडत त्याच्या खोलीत आला. "साहेब, शाळेजवळचा नवा झुलता पूल तुमच्या संदर्भ नऊवर उभा केलाय. शुक्रवारी खुला करतोय. पहिला मान शाळेतल्या मुलांचा!"

"तुम्ही तो पेपर वाचलात?"

"आम्ही काय वाचायचं, साहेब? साडेतीनशे विद्वानांनी वाचलाय की!"

दशांशराव त्या क्षणापासून ते विधान घेऊन बसला. शुक्रवारी सकाळी दहाला उत्तर हाती आलं. विधान खोटं होतं. पावलं जुळली, तर तीस-चाळीस पोरंसुद्धा पूल उलटवायला पुरेत.

पण या वेळी तो खोटं बोलला नाही. असा पेपर नाही, विधान चूक आहे, माझा अर्ज रद्द करा, असं त्याने निवड समितीला आणि याद्यांमध्ये त्या पेपराला चिकटलेल्या नियतकालिकाला कळवलं. पूल बंद करायला सांगावं, तर इंजिनीयर फोन उचलेना आणि बायकोचा लागेना. तो निघायला उठला, तेवढ्यात नियतकालिकाचं उत्तर आलं: 'आपला आक्षेप मूळ लेखकांना दाखवला. त्यांचा खुलासा सोबत.' खुलासा एका ओळीचा होता. 'आता हे उघडच आहे की आक्षेप निराधार आहे.' खाली त्याचं नाव.

तो धावत पुलाशी पोचला. इंजिनीयर अलीकडच्या तोंडाशी वही घेऊन उभा होता.

"पूल बंद करा!"

"थट्टा करताय का साहेब? सकाळीच तर तपासून गेलात. ही तुमची सही."

सही त्याचीच होती.

पलीकडून बायको छत्तीस मुलांची रांग घेऊन पुलावर आली होती. डावा, उजवा, डावा, उजवा. फळ्या हळूच एका अंगाला सरकल्या, मग दुसऱ्या.

"पावलं मोडा!" तो ओरडला.

"अहो, तुम्हीच फोन केलात ना, पावलं जुळवून आणा म्हणून!"

तो पुलावर धावत सुटला आणि वेडावाकडा नाचत रांगेत घुसला. पोरांना ढकललं, दोघांना उचलून उलटं फिरवलं. पोरं खिदळली, रांग विस्कटली. पूल कुरकुरत थांबला. मुलं अलीकडे उतरली, तेव्हा तो उघड उघड रडत होता.

"मी फोन केला नव्हता गं," तो म्हणाला.

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. "आवाज तुमचाच होता."

इंजिनीयर खुशीत लिहीत होता. "छत्तीस मुलं, पूल स्थिर. कलम चार खरं ठरलं, साहेब! यावर मी पेपर लिहिणार."

"अरे बाबा, बंद कर हा पूल!" दशांशरावने त्याची वही ओढली.

"असं काय करता? दुसरा वर्गही निघाला की तिकडून."

खरंच निघाला होता. पलीकडच्या तोंडाशी मुलं दोनदोनच्या जोडीने उभी राहत होती. त्यांच्यामागून कुणीतरी पुरुष खणखणीत आवाजात ताल धरत होता. डावा, उजवा, डावा, उजवा.

बायकोने झटकन मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड मिटलेलं होतं.