एका ताटातले घास

नखाचा तो तुकडा... तांदळाच्या कणीएवढा, कडेला काळा... वर्तमानपत्रावर पडला तरी पाळणाघराच्या मावशीची नजर त्याच्यावरून हटेना. एवढ्याशा नखाखाली जंतांची अंडी राहतात म्हणे, डोळ्यांना न दिसणारी. चिमणीची दहाही नखं कापून झाल्यावर तिनं करंगळीवर हळूच फुंकर घातली, तशी चिमणी खुदकन हसली.

"मावशी, माझी चटई तिकडे का?"

"अगं, तू राणी ना माझी? राणीला वेगळी चटई लागते."

खोटं बोलायला किती सोपं जातं मला! परवा चिमणीच्या तपासणीत जंत निघाले, आणि संध्याकाळी बाकीच्या पोरांच्या आयांनी पाळणाघराच्या दारातच ठणकावलं – ही पोर उद्यापासून नको. चिमणीची आई शिवणकारखान्यात. खाडे झाले की कामावरून जायची. म्हणून मावशीनं मधला मार्ग काढला, वेगळी चटई, वेगळा पेला... मोठी शहाणी!

खरं तर चिमणीला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी काल तिलाही विचारलं होतं, "मावशी, तुम्हाला रात्री खाज येते का हो?" आणि ती "छे, काहीतरीच!" म्हणून मोकळी झाली होती. तीन आठवडे खाजेनं धड झोप नाही, जंतांचीच खूण ती, हे कोणत्या तोंडानं सांगणार? बारा वर्षं ती एकाच ताटात भात कालवून, पोरांना गोल बसवून, आपल्याच हातानं भरवत आलेली – आधी एक घास स्वतःच्या तोंडात, गरम तर नाही ना बघायला, मग एकेका इवल्या तोंडात... रडकं पोरही तिच्या हातून जेवतं, असं आयाच कौतुकानं सांगायच्या. आणि तोच हात... नको बाई, हा विचारच नको.

दुपारी तिनं सगळ्यांना वेगळ्या वाट्या दिल्या. चिमणी वाटीकडे बघेचना. आपल्या चटईवर आ वासून बसली, घासाची वाट बघत. तीनदा साबणानं धुतलेला मावशीचा हात पुढे होईना. शेवटी चमच्यानं भरवलं.

संध्याकाळी चिमणीची आई उंबऱ्याबाहेरच थांबली. बाकीच्या आया आपापल्या पोरांना चपला घालत होत्या, कान इकडेच.

"मावशी, माझ्या पोरीमुळे तुम्हाला केवढा ताप," तिनं हात जोडले. "औषध दिलंय. हवं तर कोपऱ्यात बसवा, पण राहू द्या तिला."

"अगं, तुझी कसली चूक..." ती म्हणाली, आणि अडखळली. मलाच रात्री खाज येते हे सांगितलं तर उद्या एकही पोर यायचं नाही. नाही सांगितलं तर ही अशीच हात जोडत राहील, आणि मी मान वर करून ऐकत राहीन...

"थांब जरा," मी म्हटलं. "तुम्हीही थांबा गं सगळ्या."

भीती होतीच, पण ती आता पोरं जाण्याची होती, पकडलं जाण्याची नव्हती.