हनुमंताच्या खिशातली बाटली

तरणा मुलगा गेला आणि हनुमंताच्या भावकीत रडण्याआधी कुजबुज सुरू झाली. "हार्ट अटॅक सांगा. धनश्रीची सुपारी फुटलीय, भाऊ नशेत गेला म्हटल्यावर सोयरे ऱ्हातील का?" आपल्याकडे अब्रूला नेहमीच अशी घाई असते.

हनुमंताचा सत्यजीत पोलीस भरतीसाठी शिरूरच्या ग्राउंडवर पळायचा. तिथं जिमवाला जयसिंग 'दम वाढतो' म्हणून पोरांना इंजेक्शनं विकायचा. एकाची दोन झाली, मग सवयच लागली. त्या पहाटे पोरगा गोठ्यात पालथा सापडला, दंडात सुई तशीच. बापानं आधी सुई आणि बाटली खिशात लपवली, मग हाका मारल्या.

आता दवाखान्याच्या आवारात भावकी डॉक्टरांना विनवत होती, पोस्टमॉर्टेम नको म्हणून. हनुमंत पायरीवर बसला होता. त्याच्या पिशवीत कोयता होता.

"माती उरकली की जयसिंगला तोडतो. त्याची आईबी अशीच रडाया पायजे!"

शेजारची अमीरबी जवळ आली. "आप्पा, कोयता ठिवा."

"भाभी, तुमचा पोरगा अफताब छातीत दुखून गेला. तुम्हाला काय कळायचं?"

"छातीत दुखून न्हाई गेला. त्याच्या उशाखालीबी असलीच बाटली व्हती, जयसिंगकडची. मी विहिरीत टाकली. लोक काय म्हणतील म्हणून!"

हनुमंत ताडकन उठला. "म्हाईत असून गप बसला? माझं पोर तुम्ही मारलं!"

"व्हय. तवा बोलले असते तर जयसिंग आत असता. पण आप्पा, आज तुम्ही तेच करताय. मघापासून हात खिशावर हाय तुमचा. तुम्ही त्याला तोडलं तर तुम्ही जेलात, आन् त्यो बिचारा ठरंल. माती उरकली की पुरावाबी गेला. मग उरल्यालं इंजेक्शन दुसरा कुणीतरी विकंल!"

हनुमंताला तिचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. मुलाला मारणाऱ्याला तो स्वतःच खिशात सांभाळत होता की!

"पोस्टमॉर्टेम करा!" तो ओरडला. त्यानं सुई आणि बाटली दवाखान्यानं बोलावलेल्या हवालदारासमोर ठेवली, शेजारी कोयताही ठेवला. "ह्या मी लपवल्या व्हत्या. नुसती नशेची केस लिहू नका, साहेब. माणूस मारल्याची लिहा!"

अमीरबीनंही जबाब दिला. सोयरे माघारी फिरलेच. फिरू देत! सुपारी मोडायला आले तेव्हा धनश्रीनंच त्यांना दार दाखवलं.

जयसिंगवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागला. तारखेला हनुमंत कोर्टात पहिल्या बाकावर, अगदी त्याच्यासमोर बसतो.

बंधूंनो, भगिनींनो, घरातलं असं मरण झाकलं की आपण विकणाऱ्याला पुढचं गिऱ्हाईक मिळवून देतो. लाज त्याला वाटू द्या, आपण बोलू या.

परवा अमीरबीनं विचारलं, "आप्पा, राग गेला का?"

"न्हाई," हनुमंत म्हणाला. "कोयत्यानं त्यो एका घावात सुटला असता. आता दर तारखेला त्याला माझ्या सत्याचं नाव ऐकाया लावतो."