सुंदरबाईंचा रकाना

तो घरघर आवाज माझा नाही हं. तो या जुन्या संगणकाचा, त्याचा पंखा आता म्हातारा झालाय. मी त्याच्या आत राहते. दवाखान्यातल्या रोग्यांच्या नोंदी ठेवणारी मी एक प्रणाली. कागदोपत्री माझं नाव लांबलचक आणि इंग्रजी आहे, पण इथे कडा गावात मला सगळे नोंदबाई म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा.

माझं जन्मगाव विचाराल तर ते मलाच ठाऊक नाही. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या, निरनिराळ्या देशांतल्या माणसांनी मला थोडं थोडं रचलं आणि कुलूप न लावता सोडून दिलं. ज्याला हवी त्याने न्यावी, आतून उघडून पाहावी, आपल्या सोयीने बदलावी. कुलूपबंद प्रणाली माझ्याकडे पाहून नाक मुरडतात. मुरडू देत!

२००६च्या श्रावणात गुरुपादने मला कड्याला आणलं. हा गुरुपाद आष्टीत संगणकाचा क्लास चालवतो. सीडीच्या तबकडीत घालून, कापडी पिशवीत मेथीच्या जुडीशेजारी ठेवून, मोटारसायकलवरून माझी वरात निघाली. गावकऱ्यांनी मिळून चालवलेला दोन खोल्यांचा दवाखाना, तिथे तरुण डॉक्टर शिवांजली आणि बावीस वर्षं नर्सचं काम केलेल्या सुंदरबाई.

डॉक्टर मला पाहून हरखल्या. सुंदरबाईंनी मात्र पदर खोचला आणि म्हणाल्या, "ह्या डबड्यात गाव कसं मावंल?" मग जांभळ्या फडक्यात बांधलेली आपली वही त्यांनी काखेत आणखी घट्ट धरली. मला नोंदबाई हे नाव त्यांनीच दिलं, तेही टोमणा म्हणून.

खरं सांगते, तेव्हा मी जरा शिष्टच होते. नाव, वय, पत्ता, पुढची तारीख असे माझे रकाने. तारीख उलटली आणि माणूस फिरकला नाही, की मी त्याच्या नावापुढे लाल अक्षरांत लिहायची : 'आला नाही'. शिस्त म्हणजे शिस्त.

दसरा झाला आणि पंधरा दिवसांत मी लालेलाल झाले. एकशे बेचाळीस नावं! कुणाच्या बाळाचा डोस राहिलेला, कुणाच्या गोळ्या संपलेल्या. डॉक्टर कपाळाला हात लावून बसल्या. "माणसं ऊसतोडीला गेलीत, ते मलाही कळतंय. पण आता सहा महिने यांना शोधायचं कुठे? पत्ता तर सगळ्यांचा कडाच आहे."

सुंदरबाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग भडकल्याच. "आला न्हाई, आला न्हाई असं कावून लिवतीय ही? पोटासाठी गेलेत ती. आन् मॅडम, तुमी पत्ता कावून इचारता? मुकादम इचारा!"

त्यांनी जांभळं फडकं सोडलं. वहीत नावं आडनावाने नव्हती, गल्लीनेही नव्हती. बंकट मुकादमाची टोळी, त्रिंबक मुकादमाची टोळी, अशी पानं होती. मुकादम टोळी जमवतो आणि कारखान्यावर नेतो. तो जिथे, तिथे त्याची चाळीस माणसं. बावीस वर्षं सुंदरबाई असंच गाव सांभाळत होत्या आणि मी शहाणी, गावाला पत्ता विचारत बसले होते. मला लाज वाटली.

गुरुपाद दुसऱ्याच दिवशी आला. त्याने मला आतून उघडलं, तेव्हा अक्षरशः गुदगुल्या झाल्या. चार वेळा वीज गेली, दोन दुपारी गेल्या, पण माझ्यात नवा रकाना उभा राहिला : मुकादम, कारखाना, फोन. सुंदरबाई शेजारी खुर्ची ओढून हुकूम सोडत होत्या. "ती लाल शाई बी काढ. लाल लिवलं की मानूस गुन्हेगार वाटतंय." लाल गेलं. 'आला नाही'च्या जागी काळ्या अक्षरांत आलं : 'उसाला गेलाय'.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर छबुबाई दवाखान्यात आली. सातवा महिना, दुसऱ्या दिवशी टोळी निघायची होती. तिचं रक्त तपासायला आष्टीला गेलं आणि अहवाल आला तो टोळी गेल्यावर चार दिवसांनी. अंगात रक्त बारा हवं, तिथे सहा! अशा अंगाने ती उसाची मोळी डोक्यावर घेऊन, फळीवरून ट्रकवर चढत असणार. एकदा भोवळ आली की दोन जीव गेले. डॉक्टरांनी अहवाल सुंदरबाईंपुढे धरला.

अकराला वीज जायची वेळ होती आणि अकराला पाच मिनिटं कमी होती. सुंदरबाईंनी एका बोटाने नाव शोधलं. मी आयुष्यात एवढी घाई कधी केली नव्हती. मुकादम बंकट, कारखाना कऱ्हाडकडचा, हा घ्या फोन! त्यांनी नंबर हातावर लिहिला आणि वीज गेली. पुढचं मी अंधारातून ऐकलं.

"बंकट, छबुबाई कुठंय रं?"

"फडात हाय की. मोळ्या बांधतीय."

"तिला एक बी मोळी उचलू दिऊ नगंस. अंगात रक्त न्हाई तिच्या. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने."

"सिस्टरबाई, आज गाडी भरायची हाय. उद्या सकाळी नेतो..."

"उद्या न्हाई! तुझ्या दोनी लेकी माझ्या हातात जन्मल्या, तवा मी उद्या या म्हनलं व्हतं का?"

 तिकडून आवाज आला, "निघालोच."

तिकडच्या दवाखान्यात रक्त चढवलं आणि तिच्या वाट्याच्या मोळ्या टोळीने वाटून उचलल्या, एवढं कळलं. पुढे चार-पाच महिने काही खबर नाही. 

चैत्रात ट्रॅक्टर परतले. एका सकाळी दारात छबुबाई, मागे नवरा गहिनीनाथ आणि त्याच्या खांद्यावर टोपडं घातलेली एक गुबगुबीत पोर. काटा साडेपाच किलोवर थांबला आणि दवाखाना खदखदून हसला. "संस्कृती ठिवलंय नाव," छबुबाई म्हणाली. ते नाव सुंदरबाईंनी स्वतः माझ्यात भरलं. एका बोटाने, सावकाश. मला इतकं सुख कधीच झालं नव्हतं.

आमच्या घराण्याची रीत अशी की, जे नवं शिकलं ते सगळ्यांना परत द्यायचं. गुरुपादने तो रकाना माझ्या घडवणाऱ्यांकडे धाडला. आतल्या बाजूला त्याचं नाव ठेवलं 'सुंदरबाई'. आधी सिरसाळ्याच्या दवाखान्याने तो घेतला. मग कुठल्याशा दूर देशातून पत्र आलं. तिथली माणसं गुरांमागे रानोमाळ फिरतात, तिथेही पत्ता विचारून काही हाती लागत नव्हतं. आता ते कळप विचारतात.

हा संगणक पुढच्या महिन्यात थकून बसेल. मी दुसऱ्या डब्यात जाईन, गाव सोबत घेऊन. तुम्हालाही मी हवी असेन तर खुशाल न्या. फक्त आधी तुमच्या गावची जांभळ्या फडक्यातली वही उघडून बघा.

त्या दूर देशाचं पत्र आलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, "सुंदरबाई, त्यांना काही कळवायचंय का?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "एवढंच लिवा. लाल शाई वापरू नगा म्हनावं."

डॉक्टरांनी ते शब्दशः कळवलं, तिकडच्या माणसांनी ऐकलं आणि माझ्या घडवणाऱ्यांनीही तो बदल मुळातच करून टाकला. आता जगात कुठल्याही दवाखान्यात मला नव्याने बसवा, न आलेल्या माणसाचं नाव मी काळ्या शाईतच लिहिते.